विश्रांतीनें न जाणारा थकवा



कापणी, मळणी अथवा ऊसतोडीचे दिवस आले म्हणजे अंग मोडून येतें, हें कोणास ठाऊक नाहीं? दिवसभर उन्हांत वांकून काम करणाऱ्या मनुष्यास रात्रीं थकवा वाटावा, हें निरोगी शरीराचेंच लक्षण होय. अशा थकव्यास औषध लागत नाहीं. पोटभर भाकरी, रात्रभर झोंप, आणि साधल्यास एक दिवसाची विश्रांति, एवढ्यानें तो निघून जातो. आजच्या पाठाचा विषय तो थकवा नव्हे. जो झोंपून उठल्यावरहि तसाच असतो, जो आठवडेच्या आठवडे हटत नाहीं, ज्याच्या योगानें विहिरीवरून घागर आणणें अथवा चढण चढून शेतावर जाणें हें पूर्वींचें सहज काम डोंगराएवढें वाटूं लागतें, त्या थकव्याविषयीं येथें लिहावयाचें आहे.

हा विषय उपदेशक बंधूंपुढें मुद्दाम मांडण्याचें कारण असें. गांवांतील एखादी बाई दोन-तीन रविवार उपासनेस दिसली नाहीं, अथवा एखादा तरुण सभेंत पेंगूं लागला, म्हणजे आपण लागलीच निदान करून मोकळे होतों. बाई आळशी आहे; तरुणाची आस्था थंडावली. असें पुष्कळांनीं बोलून दाखविलें असेल. मींहि बोलून दाखविलें आहे. एका वस्तीवर अशीच एक सून होती. मी तिच्या घरीं गेलों आणि विचारलें, “काय वहिनी, तीन रविवार झाले, आपण दिसलां नाहींत?” सासूबाईंनीं आंतूनच उत्तर दिलें, “मास्तर, तिला उठायचाच कंटाळा.” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या भिंतीस हात टेकून उभ्या होत्या, आणि अंगणांतील चार पायऱ्या चढून आल्यानें त्यांस धाप लागली होती. ती धाप मीं डोळ्यांनीं पाहिली, परंतु तिचा अर्थ मला कळला नाहीं. मीं त्यांस नियमितपणाविषयीं दोन शब्द सांगितले व निघून आलों. दीड महिन्यानें नर्सबाईंनीं वस्तीवर येऊन रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन अवघें सहा निघालें. आणि वहिनींस पांचवा महिना लागलेला होता. त्यांना ग्रामीण रुग्णालयांत नेऊन शिरेवाटे लोह द्यावें लागलें. पुढें बाळंतपण सुखरूप झालें, पण तें माझ्या त्या दोन शब्दांमुळें खचित नव्हे.

कारण शोधावयाचें तर प्रथम घरच्या घरीं कांहीं गोष्टी विचाराव्या. हा थकवा केव्हांपासून आहे? सकाळीं उठल्यावर ताजेंतवानें वाटतें कां? कपडे सैल होऊं लागले आहेत काय? ताप, खोकला, रात्रीं घाम येणें, पायांस सूज येणें, यांपैकीं कांहीं आहे काय? मासिक पाळी किती दिवस चालते व कितपत रक्त जातें? जेवणांत भाकरी-चटणीवेगळें कांहीं असतें कीं नाहीं? कोणतीं औषधें चालू आहेत? हा शेवटचा प्रश्न पुष्कळदां राहून जातो. सर्दीच्या व अंगास खाज सुटण्यावरच्या कित्येक गोळ्यांनीं दिवसभर गुंगी येते, आणि घेणाऱ्यास वाटतें कीं आपली शक्तीच गेली. हीं उत्तरें घेऊन मनुष्य दवाखान्यांत गेला म्हणजे डॉक्टरांचें निम्में काम झालेलें असतें.

आमच्या खेड्यांतील लांबलेल्या थकव्याचें फार मोठें कारण रक्तक्षय हें होय. रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें लोहयुक्त द्रव्य असतें. श्वासाबरोबर फुप्फुसांत आलेला प्राणवायु तेंच उचलतें व शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचवितें. तें कमी पडलें म्हणजे हृदयास त्याच रक्ताच्या अधिक फेऱ्या घालाव्या लागतात. म्हणून छातींत धडधड होते, थोड्या श्रमानें धाप लागते, डोकें दुखतें, चक्कर येते, आणि स्नायूंस प्राणवायु न मिळाल्यामुळें हातपाय गळून जातात. कांहीं स्त्रियांस माती, खडू अथवा कच्चे तांदूळ खाण्याची वासना होते. ती खोड नसून पुष्कळदां लोहाच्या अभावाचें चिन्ह असतें, तेव्हां तीबद्दल कोणास हिणवूं नये. मोठ्या स्त्रीच्या रक्तांत दर डेसीलिटरास १२ ग्रॅम, पुरुषाच्या १३ ग्रॅम व गर्भवतीच्या ११ ग्रॅम यांहून हिमोग्लोबिन कमी भरलें तर रक्तक्षय आहे असें समजतात. सन २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. पांच वर्षांखालील बालकांत तें प्रमाण शेंकडा ६९ च्या जवळ गेलें. पुरुषांतहि शेंकडा २२ निघाले. उपासनेच्या वेळीं स्त्रियांच्या बाजूस किती जणी बसतात हें मोजून पाहावें, म्हणजे या आंकड्याचा अर्थ ध्यानांत येईल.

डोळ्याची खालची पापणी ओढून आंतील रंग पाहण्याची जुनी रीत आहे. तो रंग पांढुरका दिसला तर तपासणीस जावें हें ठीक. पण तो लाल दिसला म्हणून निश्चिंत राहूं नये, कारण सौम्य रक्तक्षय डोळ्यांस दिसत नाहीं. बोटांतील रक्ताच्या एका थेंबावर ही परीक्षा होते, आणि ती उपकेंद्रांत अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य करतात.

रक्त कमी होण्याचीं कारणें मात्र एकाच जातीचीं नाहींत, आणि येथेंच लोक फसतात. स्त्रियांत बहुधा पाळींतील अतिस्राव, पाठोपाठचीं बाळंतपणें, आणि सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेंसुरलें खाण्याची घरोघरची रीत, हीं तीन एकत्र असतात. त्या रीतीविषयीं घरांतील पुरुषांनीं विचार करावा. परंतु पुरुषास, अथवा पाळी बंद झालेल्या स्त्रीस, लोहाचा अभाव निघाला तर रक्त कोठें तरी गुप्तपणें जात आहे असें धरून चालावें लागतें. मूळव्याध, पोटांतील व्रण, आणि क्वचित् आंतड्याचा कर्करोगहि त्यामागें असतो. गुडघेदुखीसाठीं महिनोन्‌महिने दुकानांतून आणून घेतलेल्या गोळ्यांनीं जठरांत व्रण होऊन रक्त पाझरतें. शौचास डांबरासारखें काळें व चिकट होतें. अशा मनुष्यास शक्तीचें औषध पाजीत बसणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें होय.

दुसरी गळती आंकडेकृमींची. हा किडा बोटाच्या एका पेराहूनहि आंखूड असतो. उघड्यावर शौचास बसल्यानें त्याचीं अंडीं ओल्या मातींत पडतात, तेथें अळ्या होतात, व त्या अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या कातडींतून शरीरांत शिरतात. रक्ताबरोबर त्या फुप्फुसांत जातात, तेथून घशांत चढून गिळल्या जातात, आणि शेवटीं आंतड्यास चिकटून रक्त शोषूं लागतात. एक किडा दिवसाकांठीं थेंबभर अथवा त्याहूनहि कमी रक्त घेतो. पण पोटांत ते शेंकड्यांनीं असले म्हणजे वर्षभरांत चांगला गडी निकामी होतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी यावर देतात. शाळांतून व अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्तानें ती मुलांस मिळते. मोठ्यांनीं ती आरोग्य केंद्रांतून विचारून घ्यावी, आणि गर्भवतीनें पहिल्या तीन महिन्यांत घेऊं नये. गोळीनें किडे पडतात, परंतु पायांत वहाणा व घरीं शौचकूप नसेल तर ते पुन्हां येतात.

रक्तक्षय केवळ लोहाच्या अभावानें होतो असेंहि नाहीं. ही गोष्ट उघडकीस येण्यास आमची मुंबई कारण झाली, आणि ती कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या. गर्भवती स्त्रिया, विशेषतः गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया, एका तऱ्हेच्या कठीण रक्तक्षयानें आजारी पडत व कित्येक दगावत. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांच्या रक्तांतील पेशी लहान दिसण्याऐवजीं नेहमींपेक्षां मोठ्या दिसत, यावरून हा लोहाच्या अभावाहून निराळा प्रकार आहे हें कळे. बाईंनीं त्या स्त्रियांचें खाणें बारकाईनें पाहिलें. त्यांत फळें, भाजीपाला व दूधदुभतें फार थोडें होतें. मग प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनीं असें दाखविलें कीं, यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारांत मिळणारें मार्माइट नांवाचें स्वस्त पदार्थाचें औषध, दिलें असतां या स्त्रिया झपाट्यानें सुधारतात. १९३१ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें हें त्यांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंतील शोधकांनीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य काढलें व पानावरून त्याला फॉलिक आम्ल असें नांव दिलें. बाईंच्या अर्काचा गुण त्याच्या वर्गांतील द्रव्याचाच होता हें मागाहून कळलें. आज गर्भवतीस मिळणाऱ्या तांबड्या गोळींत लोहाबरोबर जें फॉलिक आम्ल असतें, तें हेंच. गोळी कोनाड्यांत टाकून देणाऱ्या भगिनीस ही कथा अवश्य सांगावी.

तिसरें द्रव्य ब-१२ जीवनसत्त्व. तें वनस्पतींत नसतें. दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतूनच मिळतें. ज्यांच्या घरीं दूधहि विकून टाकतात, अंडें आठवड्यासहि येत नाहीं, त्यांना त्याची उणीव पडते. वृद्धांना व मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळ्या वर्षानुवर्षें घेणाऱ्यांनाहि पडते. थकव्याबरोबर पायांस मुंग्या येणें, बधिरपणा, चालतांना तोल जाणें, विसरभोळेपणा हीं तिचीं लक्षणें. येथें एक सावधगिरी हवी: नुसत्या फॉलिक आम्लानें रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. म्हणून मुंग्या येत असतील तर तें डॉक्टरांस सांगितल्यावांचून राहूं नये.

लोहाच्या गोळ्यांविषयीं दोन शब्द. त्या घेतल्यावर शौचास काळसर होतें. तें भिण्याचें कारण नव्हे. मळमळ किंवा मलावरोध होतो, तो गोळी रात्रीं निजतांना घेतल्यास पुष्कळांस सोसवतो. फारच त्रास झाला तर गोळी बंद न करितां बदलून मागावी. चहाबरोबर अथवा दुधाबरोबर ती कधीं घेऊं नये, कारण चहा लोहास बांधून ठेवतो व तें अंगीं लागत नाहीं. जेवणानंतर लागलाच चहा पिण्याच्या आमच्या संवयीनें भाजींतील लोहहि असेंच वायां जातें. लिंबू अथवा आंवळा असला तर उलट फायदा होतो. गर्भवतीनें चवथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची, आणि बाळंतपणानंतरहि तितकेच दिवस. इतरांचें रक्त महिन्याभरांत वाढूं लागतें, थकवा कमी होतो, आणि बहुतेक लोक तेथेंच थांबतात. शरीराचा लोहाचा सांठा भरण्यास त्यापुढें आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते. ज्या बाईच्या अंगीं मुळांतच रक्त थोडें, तिला बाळंतपणांतील जो रक्तस्राव दुसरी सोसते तोच प्राणघातक होतो; सासरच्या मंडळींनीं गोळ्या मोजण्याचें काम याच हिशोबानें करावें.

नंदुरबार, धुळें, पालघर, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या बाजूंच्या वाचकांनीं आणखी एका रोगाचें नांव लक्षांत ठेवावें: सिकलसेल. हा आईबापांकडून येतो, संसर्गानें नव्हे. यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात व लवकर मोडतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसच. म्हणून रक्त नेहमीं कमी, डोळे पिवळट, आणि मधून मधून हाडांत व सांध्यांत असह्य कळा. अशा रोग्यास तपासणीवांचून लोह देत राहणें हितावह नाहीं. आई आणि बाप दोघेहि केवळ वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट असले, तरी त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. १ जुलै २०२३ रोजीं सरकारनें याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी तींत होते. विवाह जुळविण्यापूर्वीं ही तपासणी व्हावी अशी शिफारस पाळकांनीं केल्यास ती अस्थानीं होणार नाहीं.

आतां क्षयरोग. हा थकवा देऊनच येतो व पुष्कळ दिवस त्यावेगळें कांहीं दाखवीत नाहीं. संध्याकाळीं बारीक ताप, रात्रीं उशी भिजण्याइतका घाम, भूक मंद, वजन हळूहळू उतरतें, आणि खोकला. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला हा तंबाखूचा आहे असें स्वतःच ठरवूं नये. थुंकी तपासून घ्यावी. खोकला नसतांहि गळ्यांतील गांठी, पाठीचा कणा अथवा पोट यांत हा रोग असूं शकतो. रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं याचा जंतु दाखवून दिला, त्याला आतां १४० वर्षांहून अधिक काळ लोटला, औषधेंहि आहेत, तरी जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा अजून भारतांतच आहे. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात व सरकारी दवाखान्यांत त्यास कांहीं पडत नाहीं. पोषणासाठीं रोग्याच्या खात्यांत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये जमा करण्याची तरतूद आहे. धोका एवढाच कीं, दोन महिन्यांत अंगीं तरतरी येते, मनुष्य शेतावर जाऊं लागतो, आणि गोळ्या सोडतो. मग जंतु औषधांस दाद देईनासे होतात, व त्याच जंतूंनीं घरचीं मुलें आजारी पडतात.

बाकीच्या कारणांचा परामर्श थोडक्यांत घेतां येईल. तहान फार, लघवीस रात्रीं तीन-चार वेळां उठावें लागतें, खाऊनहि वजन उतरतें, जखम भरत नाहीं, तर मधुमेहाची शंका घ्यावी. तो केवळ शहरांतील धनिकांचा रोग आहे ही समजूत खोटी ठरली आहे. उपाशीपोटीं रक्तशर्करा १२६ किंवा अधिक भरणें हें त्याचें प्रमाण, व तें दुसऱ्या तपासणीनें पक्कें करून घेतात. ज्यांना इतरांपेक्षां थंडी अधिक बाधते, खाणें तेंच असतां वजन वाढतें, केंस गळतात, आवाज घोगरा होतो, मलावरोध असतो, त्यांच्या गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंद झालेली असण्याचा संभव असतो. हें स्त्रियांत अधिक. रक्ताच्या एका परीक्षेनें तें कळतें, आणि रोज सकाळीं उपाशीपोटीं घ्यावयाच्या एका लहानशा गोळीनें बाई पूर्ववत् होते. सकाळीं तोंडावर सूज व लघवीस फेंस, तर मूत्रपिंड. पायांस सूज, आडवें झाल्यावर गुदमरणें, उशाशीं दोन-तीन गोधड्या घेतल्याशिवाय झोंप न येणें, तर हृदय. लहानपणीं सांधे सुजून ताप आलेल्या तरुण माणसांत हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असतात व तें पहिल्या बाळंतपणाच्या वेळीं उघडकीस येतें. हिवताप, डेंगी, कावीळ, विषमज्वर यांनंतर कांहीं आठवडे अशक्तपणा राहतो, त्यास वेळ द्यावा. पण ताप पुन्हां येऊं लागला तर रक्त पुन्हां तपासावें.

कपाशीच्या मुलुखांतील वाचकांस एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. फवारणीहून आलेला मनुष्य म्हणतो, “थकलों, जरा पडतों.” त्याबरोबर डोळ्यांतून पाणी, तोंडास लाळ, घाम, मळमळ, अंधुक दिसणें, स्नायू फडफडणें असेल तर तो थकवा नव्हे, ती विषबाधा होय. २०१७ सालच्या पावसाळ्यांत व त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. अशा मनुष्यास निजूं देऊं नये. कपडे उतरवून, अंग साबणानें धुऊन, औषधाच्या डब्यासह त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

मनाच्या आजारानेंहि शरीर थकतें. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशांतच गोडी न वाटणें, पहांटे तीनला जाग येऊन पुन्हां डोळा न लागणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, हा औदासिन्याचा रोग आहे, आणि त्याला औषधोपचार आहे. एलीया रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत पडला होता, तेव्हां त्यास आधीं झोंप व भाकर मिळाली आणि कामगिरी मागाहून. हा क्रम उपदेशकांनीं ध्यानांत ठेवावा. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर ती थट्टेवारी नेऊं नये, त्यास एकटें सोडूं नये. सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मोठ्यानें घोरणारा, झोंपेंत श्वास अडकून दचकणारा व दिवसा बसल्या जागीं पेंगणारा मनुष्यहि आळशी नसून त्याच्या झोंपेचा रोग असतो. आणि दारूनें झोंप चांगली लागते असें म्हणणाऱ्यास इतकेंच सांगावें कीं, तिनें झोंप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती मोडते.

खेड्यांत थकव्यावर सर्वांत खपणारा उपाय म्हणजे सलाईनची बाटली. “डॉक्टर, एक बाटली लावा, म्हणजे ताकद येईल,” असें लोक स्वतःच मागतात, व पुष्कळ ठिकाणीं ती मिळतेहि. तींत असतें काय? ग्लुकोजच्या पांच टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलींत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पांच-सहा चमचे. मिठाच्या अर्धा लिटर बाटलींत साडेचार ग्रॅम मीठ. अतिसारानें शोष पडलेल्या, उलट्या थांबत नसलेल्या रोग्यास या बाटलीनें जीवदान मिळतें हें खरें. पण जो तोंडानें पिऊं शकतो त्यास शेंकडो रुपये मोजून शिरेंतून साखरपाणी घेण्याचें प्रयोजन नाहीं. तिनें रक्त वाढत नाहीं, आणि ज्याचें हृदय अथवा मूत्रपिंड दुर्बळ आहे त्यास तिनें अपायहि होतो. त्याहून वाईट तें ताकदीचें इंजेक्शन, ज्यांत कित्येकदां स्टेरॉईड असतें. तें टोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं मनुष्य उड्या मारीत शेतावर जातो, आणि क्षय अथवा मधुमेह आंतल्या आंत वाढत राहतो. कोणतें औषध टोंचतां, तें कागदावर लिहून द्या, असें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. जो लिहून देण्यास नाकारतो त्याकडून टोंचून घेऊं नये.

मग दवाखान्यांत केव्हां जावें? नीट जेवून, नीट झोंपूनहि थकवा दोन-तीन आठवड्यांत उतरला नाहीं, तर जावें. आणखी कांहीं लक्षण उमटण्याची वाट पाहूं नये. गर्भवती, अंगावर पाजणारी माता, लहान मूल व साठीपलीकडील वृद्ध यांनीं तितकेहि थांबूं नये. थकव्याबरोबर वजन उतरणें, ताप, दोन आठवड्यांचा खोकला, गांठ, पिवळे डोळे, अतिस्राव यांपैकीं एकहि असेल तर त्याच आठवड्यांत जावें. आणि छातींत दाब, बसल्या जागीं धाप, शुद्ध हरपणें, थुंकींतून अथवा उलटींतून रक्त, डांबरासारखें शौच, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणें, बोलणें अडखळणें, हीं असतील तर सकाळ होण्याची वाट न पाहतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांत हृदयविकाराचा झटका कधीं कधीं छातींत न दुखतां, केवळ एकाएकीं आलेल्या विलक्षण थकव्यानें, घामानें व मळमळीनें सुरू होतो; त्यास पित्त समजून लिंबूपाणी देत बसूं नये.

जातांना घरांतील सर्व गोळ्यांचीं पाकिटें, मुळ्या-काढ्यांच्या पुड्यासुद्धां, एका पिशवींत घालून न्यावीं, व जुने कागद बरोबर असावे. बाई जात असेल तर सोबत अशी व्यक्ति असावी कीं जिच्यासमोर तिला पाळीविषयीं बोलण्यास संकोच वाटणार नाहीं. सासऱ्यासमोर ती काय सांगणार? आशाताई बहुधा आनंदानें येतात. रक्ताची संपूर्ण तपासणी, रक्तशर्करा व लघवी एवढ्या परीक्षा प्रथम होतात, आणि त्यावरून पुढच्या ठरतात. आंकडे वहींत तारखेसह लिहून ठेवावे. पुन्हां रक्त केव्हां तपासावयाचें तें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें, आणि त्या दिवशीं बाजार असला तरी जावें.